पाटकऱ्याचा पगार

बारामती-इंदापुरातून एसटीने, मोटारसायकलीने आलेल्या मित्रांनो,

मुक्त सॉफ्टवेअरच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. किती शाळांत लिनक्स बसवलं, किती जणांना लिब्रेऑफिस शिकवलं, याचा आढावा कार्यवाहांनी माझ्या हातात ठेवलाय. तो छापील आहे, चहाच्या वेळी वाचा. माझ्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट साठलीय, ती आज बोलून टाकतो.

सकाळी एक तरुण मित्र तावातावाने म्हणाला, प्रचारकाने पैसे घेतले की चळवळ संपली. टाळ्या पडल्या. त्याच्या वयात मीही वाजवल्या असत्या.

२००८ची गोष्ट. उबुंटू लिनक्सच्या सीडी तेव्हा परदेशातून टपालाने फुकट यायच्या. त्या पिशवीत घालून मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहा रविवार गेलो. बारा संगणक. भाडं पदरचं, डबा घरचा. पोरं खूश, मी त्याहून खूश. पुढं दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत ऑफिसातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुसला. मला पत्ताच नाही. पंधरा दिवसांनी सहज गेलो, तर बाराही संगणकांवर चोरीची विंडोज! कुणीतरी दर मशीनला तीनशे रुपये घेऊन टाकून गेला होता. मी चिडलो. क्लार्क भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले, “सर, तुमचं चांगलंच होतं. पण तुम्ही पैसे घेत नव्हता ना, मग कुठल्या तोंडानं बोलवायचं?”

त्या तीनशेवाल्याला ते रात्री दहाला फोन करून झापू शकत होते. मला नाही. सेवा सेवा म्हणत मी त्यांचा जाब विचारायचा हक्कच काढून घेतला होता.

पैसे घ्यावेत की नाही, हे भांडण काही आपलंच नाही. २००६ साली डेबियन या लिनक्स प्रणालीच्या काही मंडळींनी नवी आवृत्ती डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून पैसे जमवले आणि दोघांना एकेक महिना पूर्णवेळ कामाला बसवायचं ठरवलं. बाकीचे स्वयंसेवक रुसले, काहींनी हात आखडता घेतला. आवृत्ती आली एप्रिल २००७मध्ये. आमचा तरुण मित्र हा दाखला खिशात घेऊनच फिरतो. अरे बाबा, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक स्टॉलमन यांनी स्वतः १९८५मध्ये आपल्या ईमॅक्स या एडिटरची टेप दीडशे डॉलरला विकलीय! मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आपण लोकांना ऐकवतो आणि स्वतः मात्र फुकट राबतो.

मराठी विकिपीडिया २००३पासून बिनपगारी माणसांनी उभा केला, त्यांना माझा दंडवत. पण लेख अर्धा राहिला तर कुणाचा दहावीचा फॉर्म अडत नाही. आणि देवनागरीचा लोहित फाँट? तो रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या पगारी इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं सांभाळला. तेवढ्यासाठी तो कुणाला परका वाटला का?

आपल्याकडं नीरा डावा कालवा आहे. पाणी कुणा एकाचं नाही. पण पाळी आली की दार उघडणारा पाटकरी पगारी असतो, म्हणून तर शेतकरी त्याच्याशी भांडू शकतो. वारीत निमगाव केतकीला वारकऱ्यांना जेवू घालणारं घर आणि तो पाटकरी, दोघंही आपलेच. त्यांची कामं वेगळी, एवढंच. शाळेचा प्रिंटर हे पाटकऱ्याचं काम आहे.

पुढं काय करायचं? दोन्ही तालुक्यांसाठी एक दरपत्रक करावं म्हणतो. दुरुस्तीला कोण कधी जाणार त्याची पाळी लावावी, शाळांशी वर्षाचा काही करार... तपशील बसून ठरवू. कार्यवाह लिहून घेतायत, असं दिसतंय.

जाता जाता एक. सकाळी संयोजकांनी प्रवासखर्चाचं पाकीट पुढं केलं आणि मी सवयीने “छे छे, कशाला” म्हणालो. ते कुणाकडं आहे? आणा इकडं.