मुलांचा हक्क आणि आपला उंबरठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. "मुलांच्या हक्कांसाठी जगात काय चालले आहे ते सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले. जगाचे सांगतेच, परंतु आरंभ माझ्या घरापासून केला पाहिजे.

१९७९ हे साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय बालकवर्ष म्हणून पाळले. आपल्या मंडळानेही तेव्हा बालमेळावा भरवला होता. माझ्या मुलीला चित्रकलेचे बक्षीस मिळाले. त्या मेळाव्यात पाहुण्यांना चहा देत होती ती माझ्याकडे कामाला असलेली दहा वर्षांची मुलगी. बापाविना पोर, दोन वेळचे पोटाला मिळेल म्हणून आईने माझ्या स्वाधीन केलेली. मी तिला जेवूखाऊ घाली, सणाला परकर-पोलके शिवी आणि आपण पुण्य करतो आहोत असे समजे. एका रात्री भांडी आटोपल्यावर ती माझ्या मुलीच्या जुन्या वहीचे पान पुढे घेऊन 'ग' गिरवताना दिसली. मी म्हणाले, "नीज आता. पहाटे दुधाला जायचंय." तिने मुकाट्याने पानाची घडी करून उशाखाली ठेवली. बालकवर्षात मी एवढेच केले!

आता जगाकडे वळू. पहिले महायुद्ध थांबले तरी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी उठली नव्हती आणि ऑस्ट्रियातील मुले उपाशी मरत होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची चित्रे छापलेली पत्रके वाटली. तिला पकडून पाच पौंड दंड केला. सरकारी वकिलानेच ते पाच पौंड तिच्या हाती ठेवले, असे सांगतात. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी राहिली. शत्रूचे असले तरी मूल ते मूलच, एवढे साधे तिचे म्हणणे. तिने लिहिलेला पाच कलमांचा जाहीरनामा १९२४ साली राष्ट्रसंघाने स्वीकारला. संकटात पहिली मदत मुलाला आणि कोणीही त्याची पिळवणूक करू नये, हे त्यात आहे.

१९५९ साली संयुक्त राष्ट्रांनी दहा तत्त्वांचा जाहीरनामा काढला. पण जाहीरनामा म्हणजे सदिच्छा. तो कोणाला बांधून घेत नाही. म्हणून १९८९ साली बालहक्कांचा करार झाला. शिक्षण, खेळ आणि विश्रांती हे मुलाचे हक्क ठरले. शिक्षणाच्या आड येणाऱ्या कामापासून संरक्षण हाही हक्कच. भारताने तो १९९२ साली मान्य केला. बालमजुरीच्या अत्यंत घातक प्रकारांविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ साली केलेला करार २०२० पर्यंत तिच्या सर्व सदस्य राष्ट्रांनी स्वीकारला. भारताने २०१७ साली. २००० साली जगात सुमारे साडेचोवीस कोटी मुले मजुरी करीत होती. २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे १३ कोटी ८० लाख. म्हणजे प्रयत्न वाया गेलेले नाहीत. पण उरलेला आकडाही थोडा नाही.

आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवणे २००६ पासून गुन्हा आहे. तरी "गावाकडची आहे, घरच्यासारखी राहते," हे वाक्य आजही कानावर येते. भगिनींनो, मीही तेच म्हणत असे! जिनिव्हात सह्या होतात, दिल्लीत कायदा होतो. पण पोलीस आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसत नाही. तिथे राखण आपणच करायची.

म्हणून तीन गोष्टी मागते. आपल्या घरी, कार्यातल्या वाढप्यांत, नाक्यावरच्या चहावाल्याकडे लहान मूल राबताना दिसले तर गप्प राहू नका. १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आपल्या कामवाल्या बाईंची मुले शाळेत जातात का, हे आपुलकीने विचारा. आणि मंडळाची ही खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथे त्या मुलांचा अभ्यासवर्ग सुरू करू. पहिला महिना मी येईन.

ती मुलगी दोन वर्षांनी आईबरोबर गावी गेली. 'ग'च्या पुढची अक्षरे तिला कोणी शिकवली की नाही, मला ठाऊक नाही. विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही. तुम्ही तरी विचारा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.