कात्रीआधी कान

व्हिडिओ संकलन शिकायचं म्हटलं की मुलं आधी महागड्या लॅपटॉपची चौकशी करतात. जरा थांबा. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सरावाला पुरते. खरी मेख आवाजात आहे. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या क्षणभर आधी सुरू करून पाहा, सांधा जाणवतच नाही! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी संकलित केलेला १९८३चा ‘जाने भी दो यारो’ एकदा नुसता कटसाठी बघा. हशा पिकण्याआधी दृश्य किती वेळ धरून ठेवलंय, ते कळेल. पहिलं काम मात्र गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मागा. तासन्‌तासांच्या फुटेजमधून निवड करायची सवय तिथेच लागते. आणि हो, मूळ फुटेजची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, निदान पैसे हाती पडेपर्यंत.