फळा आणि वही

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. मुलाने आणून दिलेल्या संगणकावर त्यांनी आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. एका दुपारी ते चार तास लिहीत बसले. सायंकाळी वीज गेली. ती परत आली तेव्हा लिहिलेले एकही पान शिल्लक नव्हते. “एवढी मोठी मेमरी आहे म्हणतात, आणि दुपारचेही आठवू नये?” असे ते खिन्नपणे म्हणाले.

दोष त्यांचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. ‘मेमरी’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न वस्तूंना लावतो, तेथे घोटाळा होतो. पहिली वस्तू रॅम. चालू काम तिच्यावर मांडलेले असते. वीज गेली की ते नाहीसे होते. दुसरी वस्तू हार्ड डिस्क, किंवा आता तिच्या जागी येणारी एसएसडी. तिच्यातील मजकूर वीज नसतानाही टिकतो.

गुरुजींना मी शाळेतलाच दाखला दिला. रॅम म्हणजे फळा, डिस्क म्हणजे वही. तास संपला की फळा पुसला जातो. वहीत उतरवून घेतलेले तेवढे उरते. हे उतरवून घेणे म्हणजेच ‘सेव्ह’ करणे. काही लेखनप्रणाली ते आपण होऊन करतात, परंतु सर्वच करीत नाहीत.

मोबाइल घेताना दुकानदार ‘आठ-एकशेअठ्ठावीस’ म्हणतो, त्यातील ८ जीबी हा फळा आणि १२८ जीबी ही वही. फळा मोठा असला की अनेक कामे एकाच वेळी मांडता येतात. ‘मेमरी भरली’ अशी तक्रार आपण करतो तेव्हा बहुधा वही भरलेली असते. नको असलेली छायाचित्रे काढली की तीत जागा होते.

आता माप पाहू. शून्य किंवा एक, एवढीच खूण म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, आणि सुमारे एक अब्ज बाइटांचा एक जीबी. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या ‘क’ला तीन, आणि काना वेगळा मोजला जात असल्याने ‘का’ला सहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतात घडविलेला संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या मापाने १०,२४० बाइट. आज खिशातल्या यंत्राचा फळा त्याच्या लाखो पट मोठा आहे.

परंतु फळा कितीही मोठा झाला, तरी तो फळाच. आणि वहीसुद्धा एकच असली तर हरवते, भिजते. म्हणून तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. तिलाच ‘बॅकअप’ म्हणतात.

गुरुजींनी ती पाने पुन्हा लिहिली. ‘पहिल्यासारखी उतरली नाहीत,’ असे ते म्हणतात. आता मात्र प्रत्येक परिच्छेद संपला की ते थांबतात आणि तो आधी वहीत उतरवून घेतात.