डोळे चांगले आहेत, मग दिसत का नाही?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



माझ्याकडे आलेल्या एका आईची पिशवी कागदांनी भरलेली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, 'डोळे चांगले आहेत.' फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, 'मुलगा खेळण्याकडे बघतच नाही.' सासू म्हणाली, 'आईचंच लक्ष नाही.' मीही तिला आणखी एक चिठ्ठी देऊन पुढे धाडलं, हे कबूल करते.

जन्मताना प्राणवायू कमी पडला किंवा रक्तातली साखर फार उतरली, तर मेंदूतल्या दृष्टीच्या भागांना इजा होऊ शकते. डोळा धड असतो. पण दिसलेल्याचा अर्थ मेंदूला लागत नाही. मूल कधी बघतं, कधी नाही. हे ढोंग नव्हे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही अंधत्व ठरवताना नजरेची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र एवढंच बघतो.

शेवटी आम्ही सगळे एकत्र बसलो, आईसकट. तिनंच सांगितलं, साध्या चादरीवर एकच लाल वाटी हलवली की तो बघतो. त्यावरून व्यायाम, खेळ, भरवणं, सगळं बदललं.

तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलायचं काम ती बाई इतके दिवस पायपीट करून, रोजंदारी बुडवून करत होती. ते काम आपलं आहे.