पेठेतली घरे आणि नियमांची फूटपट्टी

पुण्याची मेट्रो पेठांच्या खालून गेली, कारण वर तिला जागा नव्हती. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके बोळांच्या, जुन्या वाड्यांच्या ऐन मध्यात उघडली. स्थानकापासून 500 मीटरच्या आत जास्त घरे बांधू द्यायची, हे धोरण त्याआधीच ठरले होते आणि त्यात कमाल एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, 4 पर्यंत नेला होता. पण हा 4 मिळतो तो रुंद रस्ता आणि मोठा भूखंड या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्याला. रस्ते अरुंद म्हणून गाडी जमिनीखालून न्यायची आणि त्याच अरुंदपणावर बोट ठेवून तिथल्या रहिवाशाला वाढीव बांधकाम नाकारायचे, ही विसंगती मला फार गंभीर वाटते. शहराच्या मध्यात घरे वाढवायची असतील तर एफएसआयचा आकडा वाढवून भागणार नाही. मोजमापच बदलावे लागेल. रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार मोजण्याऐवजी उजेड, मोकळे अंगण आणि उंची मोजावी लागेल.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बांधकामाची मुभा रस्त्याच्या रुंदीबरोबर वाढत जाते. 9 मीटर ही त्यातली मोठी सीमारेषा. तिच्या अलीकडे प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकाम हक्क, विकत घेऊन मजले चढवण्याचे दार जवळजवळ बंद असते. मग वाड्याच्या मालकापुढे दोन वाटा उरतात. शेजारचे चार भूखंड एकत्र करू शकेल अशा बिल्डरची वाट पाहायची, नाहीतर वाडा पडेपर्यंत थांबायचे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून गोठलेल्या भाड्यांमुळे दुरुस्तीला पैसा कधी उरलाच नाही, त्यामुळे ही दुसरी वाट बरीच वाहती आहे. महापालिकेच्या हाती तिसरी वाट आहे ती रस्ता रुंदीकरणाची. पण रुंदीकरण प्रत्येक घराची पुढची पट्टी कापते. तीत दुकाने जातात, आणि पायी चालणाऱ्याला सोयीची गल्ली वाहनांची होते.

याहून जुनी आणि शहाणी फूटपट्टी आपल्याकडे होती. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. साध्या भाषेत, खोलीसमोर जेवढे मोकळे अंतर, त्याच्या दुप्पट उंचीपर्यंतच समोरची भिंत असावी. हा नियम किती चौरस मीटर बांधले ते विचारत नव्हता, तळमजल्यावरच्या माणसाला आकाश दिसते का, एवढेच विचारत होता. तो पेठेतल्या छोट्या भूखंडाला लावून पाहा. 10 मीटर रुंद आणि 15 मीटर खोल जागा घ्या. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून, वाड्यांच्या होत्या तशाच. मागे 6 मीटरचे अंगण सोडले तर 90 चौरस मीटरचा मजला बसतो. 12 मीटर उंचीत चार मजले होतात, म्हणजे एकूण 360 चौरस मीटर, एफएसआय 2.4. मागच्या शेजाऱ्याने अगदी हद्दीवर तेवढीच भिंत उभारली तरी उजेडाचा नियम तंतोतंत पाळला जातो. खाली दुकाने ठेवून वर जिना धरून 45 चौरस मीटरची सहा घरे होतात. आता सामासिक अंतराचा आग्रह धरा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले की 10 मीटरची दर्शनी रुंदी 7 वर येते. दोन इमारतींमध्ये 3 मीटरची फट पडते आणि मुंबईच्या त्याच नियमाने ती फट फक्त 6 मीटर उंचीला पुरते. म्हणजे घरेही गेली आणि उजेडही आला नाही. वाड्याचा चौक हे शतकानुशतके सांगत आला आहे, की उजेड घराच्या आतून घ्यावा.

अग्निशमन दलाची गाडी बोळात शिरणार कशी, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटरपासून पुढे इमारतीला उंच मानते. 12 मीटरची मर्यादा त्या खालीच राहते, आणि गल्लीच्या तोंडाशी पाण्याची जोडणी, पक्का जिना, लाकडाऐवजी काँक्रीट एवढे सक्तीचे केले तरी आजच्या जीर्ण लाकडी वाड्यापेक्षा रहिवासी किती तरी सुरक्षित राहील. गाड्या कुठे लावायच्या, याला माझे उत्तर कडू लागेल. मेट्रोपासून चालत पाच-सात मिनिटांवरच्या छोट्या भूखंडावर पार्किंगची सक्ती नसावी. ती ठेवली तर तळमजला गाड्यांना जातो आणि पेठेची दुकानदारी संपते. ज्याला गाडी हवी त्याने जागेचे भाडे वेगळे द्यावे. पाणी आणि ड्रेनेजवर ताण पडेल, हेही खरे. पण पर्याय काय आहे? 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, आणि तिथे प्रत्येक नळ, प्रत्येक वाहिनी लांबवर न्यावी लागते. पेठेतली एक जुनी वाहिनी बदलली तर तिच्यावर कितीतरी जास्त कुटुंबे असतात. अट एकच, घरे वाढवण्याचे शुल्क त्याच पेठेच्या वाहिन्यांवर खर्च व्हावे आणि हे काम परवानगीच्या आधी व्हावे.

शनिवारवाड्याभोवतीच्या 100 मीटरांत मात्र यातले काहीच लागू होणार नाही. तिथे 2010 च्या दुरुस्तीनंतरचा केंद्रीय स्मारक कायदा आहे आणि महापालिकेच्या नियमावलीने तो ओलांडता येत नाही. उरलेल्या पेठांत सर्वांत अवघड प्रश्न भाडेकरूंचा आहे. मालकाला चार मजल्यांची मुभा द्यायची आणि दोन पिढ्या तिथे काढलेल्या कुटुंबाला बाहेरच्या गावात पाठवायचे, तर घरे वाढली तरी पेठ रिकामीच होईल. म्हणून नकाशा मंजूर होण्याआधी प्रत्येक भाडेकरूशी नोंदणीकृत करार झालेला असावा, त्यात नव्या इमारतीतला त्याचा मजला आणि क्षेत्रफळ लिहिलेले असावे, आणि बांधकाम चालू असताना तो कुठे राहील व त्याचे भाडे कोण देईल तेही.