या तासावर मारलं काय?

मी कविता लिहिणारा माणूस. गाण्यात ध्रुपद पुन्हा पुन्हा आलं की गोडी वाढते. शेतात मात्र औषध त्याच ओळीवर पुन्हा पडलं की काय होतं, ते आज सांगणार आहे.

आमच्या अब्बांची कापसाची शेती होती. फवारणीच्या दिवशी सालगडी पंप भरायला धुऱ्यावर यायचा आणि परत जाताना विचारायचा, "चाचा, या तासावर मारलं होतं काय जी?" अब्बा म्हणायचे, "मार अजून एकडाव. त्यानं काय बिघडते?"

बिघडायचं, पण आम्हाला दिसायचं नाही. मेलेली अळी दुसऱ्यांदा मरत नाही. दुप्पट औषधानं पानं करपू शकतात, मावा खाणारे ढालकिडे मरतात, पैसा जातो. आणि तो सालगडी ओल्या पराटीतून पुन्हा चालायचा. सदरा भिजायचा. संध्याकाळी डोकं धरून ओट्यावर बसायचा. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 जणांचा बळी गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला त्याचं ते बसणं आठवलं.

उपाय साधे आहेत. आधी नुसतं पाणी भरून एक गुंठा, म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा, नेहमीच्या चालीनं फवारा. किती पाणी लागलं ते मोजा आणि 40 नं गुणा. गुंठ्याला 3 लिटर लागलं, तर एकराला 120 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 8 पंप. एकराचं औषध या आठांत वाटून घ्या. शेतात 10 पंप लागले, तर समजा, कुठंतरी दोनदा मारलं गेलं किंवा चाल मंदावली.

एका वेळी एकच तास घ्या. नळी डावी-उजवी फिरवली की शेजारच्या तासावरही औषध पडतं आणि परतताना तिथंच पुन्हा मारलं जातं. वळताना खटका बंद ठेवा. वारा ज्या धुऱ्याकडे जातो, तिथून सुरुवात करा आणि वाऱ्याला आडवे चाला. म्हणजे तुषार फवारलेल्या बाजूला जातील आणि तुम्ही कोरड्या बाजूला सरकत राहाल. हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच.

पंप संपला, की जिथं थांबलात तिथं काडीला लाल चिंधी बांधून रोवा. भरून आल्यावर तिथूनच पुढं चला.

आमचा सालगडी आज हयात नाही. त्यानं इतक्या वेळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका चिंधीत होतं. अब्बांना ते सुचलं नाही, मलाही नाही. तुमच्या शेतात कुणी तसं विचारलं, तर "मार अजून एकडाव" म्हणू नका.