कावीळ हें रोगाचें नांव नव्हे
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यांतील भाषण)



आमच्या पेडणें-डिचोलीकडे कोणाचे डोळे पिवळे दिसले कीं घरचीं वडील माणसें लगेच सांगतात, 'कावीळ झाली.' मग पथ्य सुरू होतें. कोणी झाडपाला देतो, कोणी गळ्यांत माळ घालतो. पुष्कळांना बरेंहि वाटतें. कारण दूषित पाण्यानें यकृताला आलेली सूज बहुधा आपोआप उतरते. श्रेय मात्र माळेला मिळतें!

परंतु पित्तनलिकेंत खडा अडकला असेल, तर माळ काय करणार? यकृतांत तयार झालेलें पित्त या नळीनें आंतड्यांत उतरतें. वाट बंद झाली कीं तें रक्तांत चढतें. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते.

पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनीं १८९३ सालीं मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्यांतूनच रोगांची जागतिक वर्गवारी वाढली व १९४८ सालीं ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिच्या दहाव्या आवृत्तींत कारण न कळलेल्या काविळीचा संकेतांक 'आर १७' आहे. तो रोगांच्या नव्हे, लक्षणांच्या प्रकरणांत येतो. पित्तनलिकेंत नुसता खडा असल्यास 'के ८०.५', खड्याबरोबर नलिकेचा दाह असल्यास 'के ८०.३', खड्यावांचून अडथळा असल्यास 'के ८३.१', यकृताबाहेरील पित्तनलिकेच्या कर्करोगास 'सी २४.०', अर्भकाची नलिका जन्मतः बंद असल्यास 'क्यू ४४.२'. अकरावी आवृत्ति २०२२ पासून अंमलांत आली. तिच्यांत संकेतांक बदलले, तत्त्व तेंच राहिलें.

डोळे सर्वांचे सारखेच पिवळे. उपचार मात्र निरनिराळे. खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतां येतो. कर्करोगांत गेलेला महिना परत येत नाहीं. 'आर १७' याचा अर्थ शोध अजून पुरा झालेला नाहीं, एवढाच. कागदावर तोच कायम राहिला, तर बांबोळीच्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. सरकारी नोंदींनाहि कळत नाहीं, तालुक्याला शुद्ध पाणी अधिक हवें कीं शस्त्रक्रियेची सोय.

म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. काविळीबरोबर थंडी वाजून ताप येत असेल व उजव्या बरगडीखालीं दुखत असेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठा. बाळ दोन आठवड्यांनंतरहि पिवळें दिसत असेल व त्याचें शौच पांढरट असेल, तर एक दिवसहि थांबूं नका. नलिका जन्मतः बंद असल्यास पहिल्या ६० दिवसांत केलेल्या शस्त्रक्रियेला यश अधिक येतें.

शेवटीं, न्यासाला एक नम्र सूचना. औषधोपचाराच्या साहाय्यासाठीं आपण जो अर्ज भरून घेतों, त्यांत एक रकाना वाढवावा : 'काविळीचें कारण.' तो रिकामा दिसल्यास रुग्णाला पैशाबरोबर सोबतीलाहि एक माणूस द्यावा व कारण लिहून आणावें. त्या एका रकान्यानें एखाद्याचा जीव वांचेल.